डेटाबेस घेताना फक्त किंमत बघताय? या चुका टाळा

छोट्या ऑफिसांचे, पतसंस्थांचे, दवाखान्यांचे डेटाबेस सांभाळायचं काम करतो मी. कोटेशन मागणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, लायसन्स कितीला पडेल? मग हे रोज बघणार कोण, असं मात्र कोणी विचारत नाही आणि पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

चूक पहिली: फुकट आहे म्हणजे खर्च नाही

पोस्टग्रेस नावाचा डेटाबेस खरंच फुकट आहे, आणि मला स्वतःला तोच सगळ्यात जास्त आवडतो, पण त्याला जाणता माणूस लागतो. ३२ जीबी रॅमचा सर्व्हर घेतात आणि शेअर्ड बफर्स (डेटा रॅममध्ये धरून ठेवायची जागा) मूळ सेटिंगवर, म्हणजे १२८ एमबीवरच सोडून देतात, मग म्हणतात स्लो आहे. त्याहून वाईट म्हणजे लोड येतो म्हणून कोणीतरी ऑटोव्हॅक्यूम (जुन्या, निरुपयोगी नोंदी आपोआप साफ करणारं काम) बंद करून टाकतं. त्यानं टेबलं फुगतात, आणि आतला ट्रान्झॅक्शनचा (डेटातल्या बदलाच्या व्यवहाराचा) नंबर साधारण २०० कोटींच्या मर्यादेजवळ गेला की डेटाबेस नवीन एंट्री घ्यायचंच थांबवतो. तेव्हा ऑटोव्हॅक्यूम बंद करू नका, नीट ट्यून करा.

डेटा तेवढाच आहे पण डिस्क भरत चाललीय असं दिसलं तर आधी रेप्लिकेशन स्लॉट बघा, म्हणजे रेप्लिका (दुसऱ्या सर्व्हरवरची चालू प्रत) कुठपर्यंत पोचलीय याची सर्व्हरनं ठेवलेली खूण. बंद पडलेल्या रेप्लिकाचा स्लॉट तसाच राहिला असेल तर सर्व्हर त्याच्यासाठी वॉल फाइली (डेटातल्या बदलांची नोंद असलेल्या) साठवत बसतो. पण घाबरून त्या फाइली हातानं उडवू नका, प्लीज, डेटाबेस कदाचित पुन्हा चालूच होणार नाही. नको असलेला स्लॉट काढा, जागा आपोआप मोकळी होते. आणि टेबलंच फुगत असतील तर तासन्‌तास 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' (व्यवहार उघडा ठेवून नुसतीच) पडून राहिलेली कनेक्शनं शोधा.

चूक दुसरी: फुकट एडिशनची मर्यादा न वाचणं

हे मी सगळ्यात जास्त वेळा बघितलंय. मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस हा डेटाबेस फुकट, विंडोजवर चटकन बसतो, स्क्रीनवरून सगळं करता येतं, त्यामुळे व्हेंडर तोच टाकून जातो. पण २०२२ च्या व्हर्जनपर्यंत एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे (२०२५ च्या व्हर्जनमध्ये ५० केलीय), रॅम कितीही असली तरी बफरला साधारण १.४ जीबीच वापरतो, आणि ठरलेल्या वेळी कामं करणारा एजंट त्यात येतच नाही.

एका पतसंस्थेत ऐन मार्च एंडला एंट्र्या पडायच्या बंद झाल्या. सगळे डिस्क बघत बसले, तर डिस्कवर भरपूर जागा. एररमध्ये स्पष्ट लिहिलं होतं, प्रायमरी फाइलग्रुप फुल, म्हणजे डेटा ठेवायची फाइलच भरली होती. मॅनेजमेंट स्टुडिओमध्ये (एसक्यूएल सर्व्हर सांभाळायचा प्रोग्रॅम) डेटाबेसवर राइट क्लिक करून रिपोर्ट्समधला 'डिस्क युसेज बाय टॉप टेबल्स' काढला, तर खातेदारांच्या केवायसीचे स्कॅन केलेले फोटो आणि सॉफ्टवेअरचं स्वतःचं लॉगचं टेबल, या दोघांनीच बहुतेक जागा खाल्ली होती. मर्यादा प्रत्येक डेटाबेसला वेगळी असते, म्हणून फोटो दुसऱ्या डेटाबेसमध्ये हलवले, जुना लॉग बॅकअप घेऊन काढला आणि काम सुरू झालं. तोपर्यंत काउंटरवर लोक ताटकळत होते, ते बघून फार वाईट वाटलं, कारण महिन्यातून एकदा साइज बघितली असती तरी हे टळलं असतं. अशा वेळी श्रिंक (फाइल लहान करायची कमांड) मारत बसू नका, फाइलमध्ये मोकळी जागाच नसेल तर त्यानं काही मिळत नाही, उलट इंडेक्स (डेटा लवकर सापडावा म्हणून केलेल्या सूची) विस्कटतात.

तिथंच अजून एक कळलं. एजंट नाही म्हणून बॅकअप विंडोजच्या टास्क शेड्युलरवर लावला होता, मधे कोणीतरी विंडोजचा पासवर्ड बदलला आणि टास्क चालायचं थांबलं. कोणाला पत्ताच नाही.

चूक तिसरी: महाग आहे म्हणजे निवांत

ओरॅकल एंटरप्राइझ या महागड्या डेटाबेसची लिस्ट प्राइस एका प्रोसेसरला ४७,५०० डॉलर, वर सपोर्ट दरवर्षी २२ टक्के. पार्टिशनिंग (मोठं टेबल भागांत तोडणं), डायग्नोस्टिक्स पॅक (तपासणीची साधनं) यांचे पैसे वेगळे. आणि एवढं देऊनही डीबीए (डेटाबेस सांभाळणारा जाणकार) लागतोच. मोठ्या बँकेत डीबीएंची टीम असते, तिथं ठीक आहे, वीस माणसांच्या ऑफिसला कशाला?

चूक चौथी: मॅनेज्ड घेतलं, आता बघायला नको

टीममध्ये डेटाबेस कळणारं कोणीच नसेल तर मी सरळ मॅनेज्ड सर्व्हिस (डेटाबेस कंपनीच्या क्लाउडवर, बरीचशी देखभालही तिचीच) घ्या म्हणतो, बिल जास्त दिसलं तरी. ॲमेझॉनच्या आरडीएस या अशा सर्व्हिसवर बॅकअप ३५ दिवसांपर्यंत ठेवता येतो, हव्या त्या वेळेपर्यंत मागे जाता येतं, पॅचिंग (अपडेट बसवणं) तेच करतात. त्या बिलाची तुलना लायसन्सशी करू नका, तुमच्या माणसाच्या तासांशी करा. पण इंडेक्स लावणं आणि स्लो क्वेरी (डेटा मागणाऱ्या कमांड) सुधारणं तुमच्याकडेच राहतं. वापर नाही म्हणून बंद केलेला डेटाबेस ७ दिवसांनी आपोआप चालू होतो आणि मीटर पळायला लागतं. आणि व्हर्जन जुनं ठेवलं तर वेगळा चार्ज पडतो, मायएसक्यूएल या डेटाबेसच्या ५.७ व्हर्जनवाल्यांना तो २०२४ पासून लागला.

चूक पाचवी: बॅकअप आहे, पण रिस्टोअर (त्यातून डेटा परत उभा करणं) कधी केलाच नाही

प्रोग्रॅमर लोकांचा कोड साठवणाऱ्या गिटलॅबसारख्या कंपनीचं ३१ जानेवारी २०१७ ला काय झालं बघा. रात्री इंजिनिअरनं चुकून मुख्य सर्व्हरवरचाच पोस्टग्रेसचा डेटा उडवला. बॅकअप शोधायला गेले तर डंप (डेटाची पूर्ण कॉपी) घेणारं टूल ९.२ व्हर्जनचं आणि सर्व्हर ९.६ चा, त्यामुळे डंप कधीचा फेल होत होता, आणि फेल झाल्याचे मेल कोणापर्यंत पोचतच नव्हते. सुमारे सहा तासांपूर्वी एकानं टेस्टिंगसाठी हातानं स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत) घेतला होता, तो होता म्हणून वाचले, पण मधल्या सहा तासांचा डेटा गेलाच.

म्हणून डेटाबेस कुठलाही घ्या, महिन्यातून एक शनिवार ठरवा, वेगळ्या मशीनवर बॅकअप रिस्टोअर करा, आदल्या दिवशीच्या एंट्र्या मोजून बघा, किती मिनिटं लागली ते वहीत लिहा आणि पुढच्या महिन्यात हेच काम टीममधल्या दुसऱ्या माणसाला करायला लावा.