कर्मचारी, सोशल मीडिया आणि एचआरमधला नवा माणूस

एचआरमध्ये सोशल मीडियाचं काम बहुधा सगळ्यात नव्या माणसाच्या गळ्यात पडतं, आणि तो आधी चिडलेल्या कर्मचाऱ्यांचा धसका घेतो. माझा अनुभव उलटा आहे. साहेबाला शिव्या घालणारी पोस्ट लपत नाही. स्क्रीनशॉट आणून देणारे शंभर जण असतात. खरी डोकेदुखी खुशीत टाकलेल्या फोटोंची. नवी नोकरी लागली म्हणून गळ्यातल्या ओळखपत्रासकट सेल्फी. टीममधल्या कुणाचा वाढदिवस, आणि मागच्या फळ्यावर ग्राहकाचं नाव. २०१२ मध्ये ब्रिटनच्या हवाई दलात काम करणाऱ्या प्रिन्स विल्यमचे फोटो प्रसिद्ध झाले, तेव्हा मागच्या कागदांवरचे पासवर्ड दिसत होते. ते बदलावे लागले. म्हणून प्रशिक्षणात मी नियमावली वाचून दाखवत नाही. पडद्यावर एक फोटो लावतो आणि विचारतो, यात काय काय दिसतंय? पहिल्या मिनिटात कुणालाच काही दिसत नाही. मग थांबतच नाहीत.

कंपनीच्या अधिकृत खात्यांची यादी रुजू झाल्याच्या आठवड्यातच मागा. पासवर्ड कुणाकडे, रिकव्हरीचा फोन कुणाचा? जानेवारी २०१३ मध्ये ब्रिटनच्या एचएमव्ही या दुकानसाखळीत नोकरकपात चालू असताना तिच्याच ट्विटर खात्यावरून त्याचं थेट वर्णन सुरू झालं. ‘ट्विटर बंद कसं करायचं’ असं मार्केटिंगचे प्रमुख विचारताहेत, हेही तिथेच लिहिलं गेलं!

धोरण लिहिताना ‘कंपनीची बदनामी होईल असं काहीही लिहू नये’ हे वाक्य टाळा. त्यात सगळं बसतं, म्हणून काहीच कळत नाही. शिवाय ते अंगलट येऊ शकतं: अमेरिकेत खासगी क्षेत्रातल्या बहुतेक कर्मचाऱ्यांना पगाराबद्दल आपसात बोलण्याचा हक्क १९३५ च्या कायद्याने आहे, सोशल मीडियावरही. तुमच्याकडचा कायदा वकिलाला विचारा. आणि बनावट खातं उघडून कर्मचाऱ्यांच्या खासगी पोस्ट बघायला कुणी सांगितलं, तर सरळ नाही म्हणा.

तक्रार आलीच तर आधी लिंक, तारीख, वेळ जपून ठेवा. मग ते खातं खरंच त्या माणसाचं आहे का, हे बघा. नोटीस त्यानंतर, आणि त्याचं म्हणणं ऐकल्यावरच.