वीज गेली तर मेणबत्ती नको: घरातला ऑक्सिजन सिलिंडर कसा हाताळावा

गोव्यात पावसाळ्यात वारा सुटला, माड आडवा झाला की वीज जाते. घरात कॉन्सन्ट्रेटरवर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणाऱ्या विजेच्या यंत्रावर) रुग्ण असेल तर ते यंत्र बंद पडते आणि कोणीतरी घाईघाईने मेणबत्ती पेटवून सिलिंडरकडे वळते. सगळ्या प्रसंगांत हा सर्वांत धोक्याचा. म्हणून पहिले काम म्हणजे सिलिंडरच्या शेजारीच उजेडाची एक बॅटरी टांगून ठेवा आणि सिलिंडर उघडायची चावीही तिथेच बांधा.

ऑक्सिजन स्वतः जळत नाही, दुसऱ्याला जाळतो. हवेत तो २१ टक्के असतो. बंद खोलीत हे प्रमाण २४-२५ टक्क्यांवर गेले तरी एरवी धुमसून विझणारी चादर भडकन पेटते. त्याला वास नाही, रंग नाही, त्यामुळे गळती नाकाला कळत नाही. कपड्यांत, केसांत, गादीत तो मुरून राहतो. सिलिंडर बंद केल्यावरही निदान १५ मिनिटे उघड्या हवेत थांबून मगच चुलीपाशी किंवा देवापाशी जावे.

घेताना. वैद्यकीय ऑक्सिजनचा सिलिंडर काळा आणि खांद्याला पांढरा असतो. संपूर्ण काळा तो वेल्डिंगचा, रुग्णाला तो लावू नये. मानेवर ठोकलेली चाचणीची तारीख पाहा, पुढच्या चाचणीची मुदत उलटलेली असेल तर परत करा. घरगुती ‘बी टाइप’ सिलिंडर १० लिटर पाण्याच्या मापाचा असतो. भरलेला असताना दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १५० किलो, म्हणजे आत साधारण १५०० लिटर वायू.

नेताना. रेग्युलेटर काढा, व्हॉल्व्ह घट्ट बंद करा, गाडीत लोळणार नाही असा बांधा, काचा उघड्या ठेवा. पायलटच्या (मोटारसायकल टॅक्सीवाल्याच्या) मागे मांडीवर घेऊन जाण्याचा विचारही नको. पडून मानेचा व्हॉल्व्ह तुटला तर सिलिंडर अग्निबाणासारखा सुटतो, भिंतही त्याला अडवीलच असे नाही.

ठेवताना. उभा, साखळीने किंवा पट्ट्याने भिंतीला बांधलेला. गॅसची शेगडी, समई, उदबत्ती, धूप यांपासून किमान ३ मीटर लांब. चतुर्थीत पाहुण्यांची ये-जा असते, आरतीचे ताट घरभर फिरते. ते रुग्णाच्या खोलीत नेऊ नये आणि अंगणातले फटाके खिडकीपासून दूर वाजवावेत. खारी हवा लोखंडाला गंज आणते, म्हणून सिलिंडर ओल्या फरशीवर नको, लाकडी फळीवर ठेवा. समुद्राकाठच्या घरात तर गंज हटकून बघत राहा.

जोडताना हात पाहा. मासे तळून आलेले, खोबरेल लावलेले किंवा बाम चोळलेले हात असतील तर साबणाने धुऊन कोरडे करा. दाबाखालच्या ऑक्सिजनला तेलाचा थेंब भेटला की ठिणगीशिवायही पेट घेऊ शकतो. सॅनिटायझर लावला असेल तर तो पूर्ण उडू द्या. जाम झालेल्या व्हॉल्व्हला मशीनचे तेल सोडणे हा आपल्याकडचा हमखास उपाय, इथे तोच जीवघेणा.

व्हॉल्व्हचे तोंड माणसांपासून फिरवून क्षणभर उघडा आणि बंद करा, धूळ उडून जाईल. वॉशर जागेवर आहे, फाटलेला नाही, हे पाहून रेग्युलेटर बसवा. प्रवाहाचे बटण शून्यावर ठेवा. आता गेजच्या (दाब दाखवणाऱ्या काट्याच्या तबकडीच्या) समोर न उभे राहता बाजूला उभे राहून चावी हळू फिरवा. काटा वर चढून स्थिर झाला की आणखी एक फेरा. झटक्यात उघडले तर अरुंद जागेत वायू एकदम दाबला जाऊन तापतो. आत धूळ किंवा तेलाचा अंश असेल तर त्याच उष्णतेने रेग्युलेटर पेटतो.

गळती तपासायला काडी पेटवू नये, हे सांगायची वेळ येऊ नये, पण येते. प्रवाह शून्यावर ठेवून मुख्य व्हॉल्व्ह बंद करा आणि पाच मिनिटे काटा पाहा. तो उतरला तर जोड गळतो आहे. दाब सोडून वॉशर बदला, पाना लावून जोर करू नका.

रेग्युलेटरला जोडलेल्या, वायू ओलसर करणाऱ्या बाटलीत उकळून गार केलेले पाणी दोन खुणांच्या मध्ये भरा, रोज बदला. प्रवाह डॉक्टरांनी सांगितला तितकाच ठेवा. फुफ्फुसाच्या जुन्या रुग्णांना जादा ऑक्सिजन घातक ठरू शकतो. नाक कोरडे पडले तर व्हॅसलीन नको, डॉक्टरांना विचारून पाण्यावर आधारित मलम घ्या.

किती पुरेल? पाण्याचे माप गुणिले गेजवरचा दाब, भागिले प्रवाह. १० लिटर, १५० चा दाब, मिनिटाला २ लिटर: ७५० मिनिटे, म्हणजे साडेबारा तास. काटा १०० वर असेल तर आठ तास वीस मिनिटे. त्यातून तासभर कमी धरून पुढचा सिलिंडर मागवा.

नळी नाकातून काढली की आधी मुख्य व्हॉल्व्ह बंद करा. चालू नळी गादीवर टाकून चहा करायला जाणे म्हणजे गादीत ऑक्सिजन भरणे. खोलीत विडी-सिगारेट कोणालाच नको, रुग्णाला तर मुळीच नाही.

नळी पेटली तर ती चेहऱ्यावरून ओढून काढा, व्हॉल्व्ह हाताशी असेल तर बंद करा, रुग्णाला बाहेर न्या आणि १०१ वा ११२ लावा. भाजले असेल तर १०८. आग सिलिंडरपर्यंत पोचली असेल तर विझवायला थांबू नका.

मालीम, कुटबण, बेतूलसारख्या जेट्टींवर गॅस-कटरने ट्रॉलरची कापाकापी करणाऱ्यांना वेगळे दोन शब्द. कोंदट हौदात ‘हवा ताजी व्हावी’ म्हणून ऑक्सिजन सोडू नका, अंगावरची धूळ त्याने झटकू नका, टायर भरू नका. जेवायला जाताना पाइप केबिनमध्ये ठेवू नका, कापायच्या टॉर्चचा वॉल्व्ह किंचित गळत असला तरी परतल्यावरची पहिली ठिणगी पुरते.

सिलिंडर पूर्ण रिकामा करू नका. काटा १० च्या आसपास आला की बदला, म्हणजे बाहेरची दमट हवा आत शिरत नाही. व्हॉल्व्ह बंद करा, टोपी चढवा आणि ‘रिकामा’ अशी चिठ्ठी बांधून भरलेल्यांपासून वेगळा ठेवा.