अमेरिकेत आयोवातल्या एम्समध्ये घर शोधताय? आधी तारखा बघा, मग भाडं

एम्सच्या आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीला अॅडमिशन मिळाली की पोरापोरींचे प्रश्न ठरलेले, भाडं किती आणि मराठी रूममेट मिळेल का. माझं कळकळीचं सांगणं आहे की हे दोन्ही नंतर, आधी लीजच्या, म्हणजे भाडेकराराच्या, तारखा बघा. एम्स हे युनिव्हर्सिटीच्या जिवावर चालणारं गाव, बहुतेक कॉम्प्लेक्सची लीज ऑगस्टच्या सुरुवातीला चालू होते आणि पुढच्या जुलैअखेर संपते, म्हणजे घर बदलायचं झालं तर जुनी चावी आज द्या आणि नवी उद्या घ्या, मधली रात्र सामानासकट कुठे काढायची ते आधीच ठरवून ठेवा कारण अख्खं गाव तेव्हाच शिफ्ट होत असतं. आणि डिसेंबरमध्ये डिग्री संपणार असेल तरी भाडं जुलैपर्यंत तुमच्याच गळ्यात, ऐन थंडीत सबलीजला, म्हणजे तुमच्या जागी राहून भाडं भरायला, माणूस मिळणं अवघड, शिवाय सबलीजला मालकाची लेखी परवानगी लागते.

चौघं मिळून एकच लीज साइन करत असाल तर नीट वाचा. एकजण मध्येच निघून गेला तर त्याचं भाडं बाकीच्या तिघांकडून वसूल होऊ शकतं. प्रत्येकाची वेगळी लीज देणारे कॉम्प्लेक्स आहेत, थोडं महाग पडलं तरी मी तेच घ्या म्हणेन, मैत्रीही टिकते. युनिव्हर्सिटीत स्टुडंट लीगल सर्व्हिसेस आहे, विद्यार्थ्यांना फुकट, सही करायच्या आधी लीज तिथे दाखवा, लाजू नका.

डिपॉझिटचं जरा सविस्तर सांगतो कारण आपली मुलं इथेच पैसे सोडून देतात. आयोवाच्या कायद्याने मालक दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त डिपॉझिट घेऊ शकत नाही. घर सोडून नवा पत्ता कळवला की ३० दिवसांत एकतर पैसे परत, नाहीतर कशाचे किती कापले ते लेखी द्यावं लागतं, आणि रोजच्या वापराने होणाऱ्या झिजेचे पैसे कापता येत नाहीत. पण नोकरी लागली की मुलं दुसऱ्या स्टेटला निघून जातात आणि पत्ता कळवायचं राहून जातं, वर्षभरात पत्ता नाही दिला तर ते पैसे मालकाचे होतात! म्हणून चावी देतानाच पत्ता लेखी द्या. राहायला गेल्या दिवशीच प्रत्येक खोलीचे फोटो काढा, कार्पेटचे डाग, ओव्हन, बाथटब, सगळं, आणि स्वतःलाच ईमेल करून ठेवा म्हणजे तारीख राहते.

बस म्हणजे सायराइड, आयडी दाखवला की झालं, पैसे फीमध्येच आलेले असतात. जानेवारीत उणे वीसपर्यंत उतरतं आणि वर ते वारं, त्यामुळे स्टॉप घरापासून किती पावलांवर आहे हे भाड्यातल्या पन्नास डॉलरच्या फरकापेक्षा महत्त्वाचं. सुट्ट्यांमध्ये बस कमी होतात तेही बघून घ्या.

दूध, भाज्या, तांदूळ हायव्ही नाहीतर वॉलमार्टमध्ये मिळतात. इंडियन ग्रोसरीची मोठी खरेदी डिमॉइनला, साधारण ३५ मैल, कुणाची गाडी जात असेल तर पेट्रोलचे पैसे आपणहून द्या. फर्निचर नवं घेऊ नका, जुलैअखेरीस कॅम्पसला लागून असलेल्या कॅम्पसटाउनजवळच्या पार्किंग रॅम्पमध्ये (बहुमजली पार्किंगमध्ये) सिटीचा रमेज रॅम्पेज नावाचा जुन्या सामानाचा सेल लागतो तिथे टेबल-खुर्च्या अगदी स्वस्तात मिळतात. रस्त्यावर टाकलेली गादी मात्र उचलू नका, ढेकूण आले तर कॉम्प्लेक्स ट्रीटमेंटचं बिल तुमच्यावर टाकायला बघेल.