स्वयंपाकघरातल्या लाकडी कपाटांना रंग द्यायचा का? ठरवताना या चुका टाळा

ओट्याखालची दारं काळवंडली, हँडलभोवती तेलकट पट्टा आला, वरच्या कपाटाचं पॉलिश उडालं की घरात विषय निघतोच: नव्या ट्रॉल्यांचा खर्च आत्ता नको, रंगच मारून घेऊ. विचार चुकीचा नाही. लाकूड धड असेल तर रंगकाम नव्या फर्निचरपेक्षा बरंच स्वस्त पडतं आणि नीट केलं तर काही वर्षं छान टिकतं. पण ज्या दाराला रंग लावायलाच नको होता त्याला लावला, की भारीतला डबाही वाया जातो. म्हणून शेडकार्ड नंतर उघडा. आधी टॉर्च आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन ओट्याखाली बसा.

चूक: सगळ्या दारांचा निर्णय एकदम घेणं

सगळी दारं एकाच सुताराने एकाच वेळी केलेली असली तरी ती सारखी झिजत नाहीत. सिंकखालचं दार आधी जातं, मग गॅसशेजारचं. कोपऱ्यातलं धान्याच्या डब्यांचं दार पंधरा वर्षांनीही ठणठणीत असतं. प्रत्येक दाराच्या मागे मास्किंग टेप लावून नंबर टाका आणि एकेक दार तपासा.

खालच्या कडेपासून सुरुवात करा. फरशी पुसताना लागणारं पाणी तिथूनच वर चढतं. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक कडेवर दाबा. लाकूड घट्ट असेल तर नुसता ओरखडा उठतो. टोक आत शिरलं तर ती कड गेलेली आहे, तिथे लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरून उपयोग नाही. प्लायचं दार असेल तर बोटांनी ठोकत जा. मध्येच पोकळ आवाज आला तर आतले थर सुटलेत. मग बिजागरीचे स्क्रू पिळून बघा. पकडत नसतील तर रंगाआधी सुताराचं काम आहे. शेवटी बारीक छिद्रं आणि त्याखाली पडलेलं पीठ शोधा. पीठ झटकून दोन-तीन दिवसांनी पुन्हा पडलं तर कीड जिवंत आहे. आधी कीड घालवा, मग रंगाचं बघा.

सांगलीत नदीच्या बाजूच्या घरांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. २००५, २०१९ किंवा २०२१ च्या पुरात पाण्यात उभी राहिलेली प्लायची दारं वरून वाळलेली दिसली तरी त्यांचा डिंक आतून सुटलेला असू शकतो. अशा दारावर रंग चढवला तर उरलीसुरली ओल आत कोंडते आणि पावसाळ्यात फोड येतात. शंका असेल तर दारावर फूटभर प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवून २४ तास ठेवा. प्लास्टिकच्या आतून दव धरलं तर थांबा.

हिशेब सोपा ठेवा. दहा दारांपैकी दोन-तीन खराब असतील तर तेवढीच नवी करा आणि बाकीची रंगवा. सिंकखालचं दार नवं करताना आयएस ७१० चा शिक्का असलेलं मरीन प्लाय घ्या, थोडं महाग पडलं तरी. निम्म्याहून जास्त दारं फुगलेली असतील तर रंगावर एक रुपयाही घालू नका.

चूक: दार कशाचं आहे ते न बघणं

'लाकडी' म्हणून चार वेगवेगळ्या वस्तू स्वयंपाकघरात असतात. बिजागरी काढून तिच्या खाचेत टॉर्च मारला की लगेच कळतं. एकसंध रेषा दिसल्या तर खरं लाकूड. एकावर एक पातळ थर दिसले तर प्लाय. तपकिरी, एकसारखा, पुठ्ठ्यासारखा भाग दिसला तर एमडीएफ. दाबून बसवलेल्या लाकडाच्या चुऱ्याचे दाणे दिसले तर पार्टिकल बोर्ड.

पार्टिकल बोर्ड कडेने फुगला असेल तर तो परत बसत नाही. घासला की आणखी भुगा होतो. एमडीएफचा सपाट भाग रंग छान घेतो, पण कड स्पंजसारखी रंग पिते, म्हणून कडेला प्रायमरचा (रंगाखालच्या अस्तराचा) एक हात जास्त लागतो. सनमायका लावलेल्या प्लायवर साधा वुड प्रायमर धरत नाही. नखाने पापुद्रा निघतो. त्यासाठी गुळगुळीत पृष्ठभागावर पकड घेणारा बाँडिंग प्रायमर लागतो आणि त्याआधी १८० नंबरच्या पॉलिश पेपरने सगळी चमक उतरवावी लागते. दुकानात तो प्रायमर मिळत नसेल तर सनमायक्याची दारं रंगवू नका. त्यावर नवा सनमायका चिकटवून घेणं जास्त टिकाऊ.

आणि जुनं सागवान असेल तर आमचं मत स्पष्ट आहे: त्याला रंग देऊ नका. वाई-साताऱ्याकडच्या जुन्या घरांत सागवानी मांडणी आणि कपाटं अजून बघायला मिळतात. ती धुऊन, घासून चपड्याचं (लाखेचं) किंवा मेलामाईन पॉलिश केलं तर बऱ्याचदा रंगाइतक्याच खर्चात काम होतं. एकदा पांढरा ऑइल पेंट चढला की नक्षीच्या खाचांतून तो परत काढण्याची मजुरी रंगाच्या कितीतरी पट होते.

तरीही सागवान रंगवायचंच असेल तर दोन गोष्टी आधी माहीत हव्यात. सागवानात नैसर्गिक तेल असतं, त्यामुळे ऑइल पेंट वाळायला वेळ लावतो. प्रायमर लावण्याच्या थोडं आधी थिनरने ओल्या केलेल्या कापडाने पुसून घ्यावं. शिवाय लाकडातला तपकिरी अर्क पांढऱ्या रंगातून वर येतो, विशेषतः रंग वॉटर-बेस्ड असेल तर. तीन हात मारले तरी पिवळट ठिपके परत दिसतात. त्यावर चपड्याचा एक पातळ हात आधी मारून तो पूर्ण वाळू दिला की डाग बऱ्यापैकी अडतात.

चूक: साफसफाई पॉलिश पेपरवर सोडणं

रंग सुटण्याचं हे सगळ्यात मोठं कारण आहे. फोडणीच्या वाफेबरोबर तेल वर जाऊन कपाटावर बसतं, त्यावर धूळ, त्यावर पुन्हा तेल. हा थर न धुता घासला तर पॉलिश पेपर तेल काढत नाही, ते लाकडाच्या छिद्रांत दाबतो. पेपरही लगेच चोंदतो. वर रंग मारला की दोन महिन्यांत हँडलजवळ पापुद्रे सुटतात.

आधी धुवा, मग घासा. एक लिटर कोमट पाण्यात एक मोठा चमचा धुण्याचा सोडा आणि थोडं भांड्यांचं लिक्विड घाला. हातमोजे घाला, कापड घट्ट पिळून घ्या. लाकडावर पाणी ओतायचं नाही. गॅसशेजारची दारं दोनदा पुसावी लागतात. नंतर साध्या पाण्याच्या पिळलेल्या कापडाने दोन वेळा पुसा, कारण सोड्याचा अंश राहिला तर तोही रंग सोडवतो. दिवसभर वाळू द्या. तपासायला बोटावर थोडं पाणी घेऊन दारावर शिंतोडा मारा. थेंब गोळा होऊन घरंगळले तर अजून तेल आहे. कधी फर्निचर चमकवायचा स्प्रे वापरला असेल तर त्यातल्या सिलिकॉनमुळे रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. तो थर टर्पेंटाइनने पुसावा आणि दर फटक्याला कापडाची स्वच्छ बाजू घ्यावी.

घासण्याबाबत एक इशारा. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त नसावं हा नियम भारतात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचा रंग असेल तर कोरडा घासू नका. वॉटर पेपर ओला करून घासा, मास्क लावा, भुगा ओल्या कापडाने उचला आणि लहान मुलं व गरोदर बाई घरात असतील तर त्यांना त्या दिवशी दुसरीकडे ठेवा.

चूक: सिलेंडर जागेवर ठेवून काम

ओट्याखाली सिलेंडर असतो आणि तिथेच थिनरचा डबा उघडला जातो. रेग्युलेटर काढा, सिलेंडर बाहेर हलवा, गॅस आणि देवघरातला दिवा बंद ठेवा. दारं शक्यतो काढून गच्चीवर किंवा पडवीत सावलीत रंगवा. सिलेंडरच्या दाराची जाळी किंवा हवेची भोकं रंगाने बुजवू नका.

चूक: माप न काढता डबे आणणं

भाव दुकानागणिक बदलतात, माप बदलत नाही. समजा ओट्याखालची दारं १२ फूट लांब, सव्वादोन फूट उंच: २७ चौरस फूट. वरची ८ फूट लांब, २ फूट उंच: १६. एक बाजू ४३, दोन्ही बाजू ८६, चौकटी आणि कडा धरून साधारण १०५ चौरस फूट. एका लिटरमध्ये एका हाताला ढोबळमानाने १००-११० चौरस फूट निघतात. म्हणजे प्रायमर एक लिटर, इनॅमल (वरचा रंग) दोन हातांसाठी दोन लिटर. लांबी अर्धा किलो पुरते. पॉलिश पेपर १२०, १८०, २२० आणि वॉटर पेपर ३२०, प्रत्येकी चार-पाच.

हे सामान एकूण खर्चाचा लहान भाग असतो. मोठा भाग मजुरीचा. पेंटरकडून भाव घेताना 'किती हात, दारं काढून का जागेवर, मागची बाजू धरून का' हे आधीच ठरवा. मागची बाजू वगळणं परवडत नाही. एकाच बाजूला रंग बसला की दुसरी बाजू पावसाळ्यात ओल घेते आणि खऱ्या लाकडाचं दार पिळतं. आतल्या फळ्या मात्र रंगवू नका. वास पिठाला आणि चहाला लागतो, आणि नव्या रंगावर डबे चिकटतात.

चूक: हात चुकीच्या क्रमाने

प्रायमरचा पहिला हात, एक रात्र वाळवणं, मग लांबी. लांबी उघड्या लाकडावर भरली तर लाकूड तिच्यातलं तेल ओढून घेतं आणि ती सुटते. लांबी पातळ भरा. एकदम जाड भरली की मध्ये चीर पडते. १८० ने घासा आणि लांबी भरलेल्या जागांवर पुन्हा प्रायमर लावा. हा टप्पा बहुतेक जण गाळतात आणि मग रंगात मॅट ठिपके उमटतात. नंतर इनॅमलचा पातळ हात, २४ तास वाळवून ३२० ने हलकं घासणं, दुसरा हात. सपाट भागाला चार इंची फोम रोलर, खाचांना दीड इंची ब्रश.

पातळ करायला डब्यावर लिहिलंय तेच वापरा. साध्या ऑइल पेंटमध्ये एनसी थिनर (लॅकरसाठीचं तीव्र थिनर) घातलं तर ते खालचा जुना रंग उचलतं आणि पृष्ठभाग सुरकुततो.

बिजागऱ्या आणि हँडल काढूनच ठेवा, त्यांच्यावर रंग नको. नवी हँडल घेताना जुन्या दोन भोकांमधलं अंतर मोजा. ९६, १२८ आणि १६० मिलिमीटर ही मापं नेहमीची. तेच माप घेतलं तर भोकं बुजवण्याचं काम वाचतं.

चूक: दिवाळीच्या तोंडावर उरकणं

दसरा-दिवाळीला पेंटर घाईत असतात आणि परतीच्या पावसाची ओल अजून लाकडात असते. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत काम काढा. महाबळेश्वर, पाटण, जावळी या भागात जून ते सप्टेंबर नकोच. एप्रिल-मेमध्ये तासगाव-जतकडच्या उन्हात वॉटर-बेस्ड रंग ब्रश फिरायच्या आत सुकतो आणि ओढल्याच्या खुणा राहतात. तेव्हा सकाळी लवकर, सावलीत.

चूक: पांढरा मॅट

मॅट फिनिश हळदीचा हात धरून ठेवतो. कांदा-लसूण मसाल्याचं लाल तेलही तसंच. ग्लॉस किंवा सॅटिन घ्या, पुसता येतं. पांढरा ऑइल पेंट उजेड नसलेल्या जागी लवकर पिवळा पडतो, त्यामुळे दाराची आतली बाजू आधी पिवळी दिसते. पांढराच हवा असेल तर वॉटर-बेस्ड इनॅमल बरा.

काम झाल्यावर बिघडलं तर

आठवडा झाला तरी रंग बोटाला चिकटतोय: हात जाड बसलाय, खाली तेल राहिलंय किंवा हवा दमट आहे. दार काढून हवेशीर खोलीत पंख्याखाली आठ दिवस ठेवा. तरी चिकटत असेल तर तो थर खरवडून काढावाच लागतो. वर आणखी हात मारू नका.

पापुद्रा सुटलाय: फक्त सुटलेला भाग न घासता आजूबाजूला टेप चिकटवून झटक्यात ओढा. टेपबरोबर आणखी रंग आला तर पूर्ण दार परत करावं लागेल. हीच चाचणी रंगकामाआधी एका दाराच्या मागच्या बाजूला छोटा तुकडा रंगवून, चार दिवस ठेवून, ब्लेडने फुली मारून केली तर सगळं पुढचं नुकसान टळतं.

नव्या रंगाला ओरखडे पडतायत: हाताला कोरडा लागला तरी इनॅमल पूर्ण कडक व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. तोवर साबण, घासणी, ओलं फडकं लांब ठेवा.

दार चौकटीत अडकतंय: जुन्या पद्धतीच्या, चौकटीत आत बसणाऱ्या दारांना हे होतं. रंगाचे थर दोन्ही कडांना चढतात आणि पावसाळ्यात लाकूडही फुगतं. खरं तर फट आधीच बघायची असते. दुमडलेली लग्नपत्रिका चारही बाजूंनी सहज फिरायला हवी. आता अडकत असेल तर कडेला खडू घासून दार लावा. खडूची खूण चौकटीवर जिथे उमटेल तिथेच रंधा किंवा ८० नंबरचा पेपर मारा, आणि उघडी पडलेली कड त्याच दिवशी प्रायमरने बंद करा.