वकील फोन उचलत नाही? कामगार कोर्टाच्या केसमध्ये या चुका टाळा

कामावरून काढलं, केस टाकली, फी भरली, आणि आता वकीलसाहेबांचं एकच उत्तर: ‘तारीख पडली की कळवतो.’ इथे बहुतेक लोक वाट बघत बसतात. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

आधी रोजनामा बघा, म्हणजे प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं याची नोंद. सीएनआर क्रमांक (प्रत्येक केसला मिळणारा, अक्षरं आणि अंक मिळून सोळा खुणांचा क्रमांक) असेल तर ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर पुढची तारीख दिसते. नसेल तर कोर्टाच्या कचेरीत जाऊन केस नंबर सांगा आणि रोजनाम्याच्या नकलेसाठी अर्ज करा. ‘अर्जदार व वकील गैरहजर’ अशी नोंद दोन-तीन तारखांना ओळीने दिसली, तर ‘केस चालू आहे’ या शब्दावर विसंबू नका. पुढच्या तारखेला स्वतः हजर राहा आणि मुदत मागा. केस गैरहजेरीत निकाली निघालीच असेल, तर ती पुन्हा फाइलवर घेण्याचा अर्ज ताबडतोब द्या, सोबत विलंबमाफीचा. वकिलाच्या चुकीची शिक्षा पक्षकाराला नको, असं सर्वोच्च न्यायालयाने 1981 साली रफिक विरुद्ध मुन्शीलाल खटल्यात म्हटलं आहे. पण वर्षभर चौकशीच न करणाऱ्याला हा आधार पुरेलच असं नाही.

दुसरी चूक म्हणजे केस दाखल झाली असं गृहीत धरणं. अनुचित कामगार प्रथेची (म्हणजे कामगाराशी कायद्याने मना असलेल्या वागणुकीची) तक्रार महाराष्ट्राच्या 1971 च्या कायद्याखाली 90 दिवसांत करावी लागते. दाखल झाल्याचा नंबर हातात येईपर्यंत निर्धास्त होऊ नका. 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता हा कामगार-मालक वादांचा नवा केंद्रीय कायदा लागू झाला आहे, त्यामुळे आपल्या केसला कुठली मुदत लागते हे लेखी विचारून घ्या.

‘फी बाकी आहे, कागद देणार नाही’ हे ऐकून गप्प बसू नका. थकलेल्या फीसाठी वकिलाला फाइल अडवून ठेवता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2000 सालचा निकाल आहे. ना हरकत (दुसरा वकील नेमायला जुन्या वकिलाची लेखी संमती) आणि कागद रजिस्टर पोस्टाने मागा. ना हरकत मिळाली नाही, तर कोर्टाच्या परवानगीने नव्या वकिलाचं वकालतपत्र (त्याला केस चालवायचा अधिकार देणारा कागद) दाखल करता येतं. आणि खर्चाची चिंता असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. 1987 च्या कायद्यानुसार औद्योगिक कामगाराला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळू शकतो, पण हे फार थोड्यांना ठाऊक असतं. युनियनचा पदाधिकारीही तुमची बाजू मांडू शकतो.

रागाच्या भरात ग्राहक आयोगात धाव घेऊ नका. वकिली सेवा ग्राहक कायद्यात येत नाही, हे मे 2024 मध्ये ठरलं. तक्रार करायची ती महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिल या वकिलांच्या नियामक संस्थेकडे, रोजनाम्याच्या नकला, फीच्या पावत्या आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज जोडून. तिथून वकिलावर कारवाई होऊ शकते, नोकरी मात्र परत मिळत नाही. म्हणून नवा वकील आधी, तक्रार नंतर.