विंडोजवर अपाची सोलर: स्वतःच्या संगणकावर शोधयंत्राचा सर्व्हर कसा बसवावा

वर्षानुवर्षे साठवलेली टिपणे, उतारे, पत्रव्यवहार संगणकात असतात, पण नेमके हवे ते वेळेवर सापडत नाही. त्यावरचा खरा उपाय म्हणजे मजकुराची शब्दसूची आधीच तयार करून ठेवणारा आणि विचारताक्षणी उत्तर देणारा सर्व्हर. असा सर्व्हर घरच्या साध्या संगणकावरही उत्तम चालतो. अपाची सोलर हे त्यासाठीचे मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे. योनिक सीली यांनी सीनेट नेटवर्क्समध्ये २००४ साली त्याचे काम सुरू केले, २००६ मध्ये ते अपाची संस्थेकडे आले. शब्दसूची बनवण्याचे मूळ काम आतली ल्युसीन ही लायब्ररी करते. सोलर तिला सर्व्हरचे रूप देते, म्हणजे ब्राउझरमधून किंवा तुमच्या प्रोग्रॅममधून तिच्याशी बोलता येते.

इथले सगळे वर्णन विंडोज १० किंवा ११ आणि सोलरची ९ वी मालिका धरून आहे. आज्ञा मी देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप करताना मात्र त्या रोमन लिपीतच करायच्या.

आधी जावा

सोलर जावावर चालते. ९ व्या मालिकेला जावा ११ किंवा त्यापुढची आवृत्ती लागते. आज नव्याने बसवत असाल तर सरळ १७ घ्या. अडॉप्टियम प्रकल्पाचे टेमुरिन हे वितरण मोफत मिळते. बसवताना ‘जावा_होम’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (जावा कुठे आहे हे इतर प्रोग्रॅमना सांगणारी नोंद) तयार करण्याचा पर्याय दिसतो, तो निवडाच. सोलर सुरू होत नाही तेव्हा बहुतेक वेळा कारण इथेच असते.

मग कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘जावा -व्हर्जन’ टाइप करा. आवृत्तीचा आकडा दिसला की पुढे जा. ‘ओळखता येत नाही’ असा संदेश आला तर कमांड प्रॉम्प्ट बंद करून नवा उघडा, कारण आधीपासून उघड्या असलेल्या खिडकीला नवी सेटिंग्ज कळत नाहीत.

सोलर उतरवणे आणि उलगडणे

सोलरच्या अधिकृत संकेतस्थळावरून ‘बायनरी रिलीज’ची टीजीझेड फाइल घ्या. ‘सोर्स’ लिहिलेली फाइल नको, ती स्वतः बांधावी लागते. फाइल पूर्ण उतरली का हे तपासायचे असेल तर ‘सर्टयुटिल -हॅशफाइल’, पुढे फाइलचे नाव आणि ‘एसएचए५१२’ अशी आज्ञा द्या. मिळालेली लांबलचक संख्या संकेतस्थळावरच्या संख्येशी जुळली पाहिजे.

टीजीझेड उलगडायला वेगळे सॉफ्टवेअर लागत नाही. विंडोज १० च्या २०१८ पासूनच्या आवृत्त्यांमध्ये टार ही आज्ञा असतेच: ‘टार -एक्सझेडएफ’ आणि पुढे फाइलचे नाव. फोल्डर कुठे ठेवायचे याला मात्र महत्त्व आहे. सी ड्राइव्हवर थेट ‘सोलर’ नावाचे फोल्डर करा. वाटेतल्या कुठल्याही फोल्डरच्या नावात मोकळी जागा किंवा देवनागरी अक्षर नको. अशा मार्गांवर स्क्रिप्ट अडखळतात आणि मिळणाऱ्या संदेशावरून खरे कारण लक्षात येत नाही.

सुरू करणे

कमांड प्रॉम्प्टमध्ये सोलरच्या फोल्डरात जा आणि ‘बिन\सोलर.सीएमडी स्टार्ट’ ही आज्ञा द्या. थोडा वेळ जातो, मग ८९८३ या पोर्टवर (म्हणजे जोडणीच्या क्रमांकित दारावर) सर्व्हर सुरू झाल्याचा संदेश येतो. ती काळी खिडकी उघडीच राहू द्या. आता ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत ‘लोकलहोस्ट:८९८३/सोलर’ टाका. डावीकडे मेनू असलेले व्यवस्थापनाचे पान दिसले की सर्व्हर चालू आहे.

पान उघडले नाही तर ‘बिन\सोलर.सीएमडी स्टेटस’ विचारा. ८९८३ पोर्ट दुसऱ्या कुणी अडवला असेल तर सुरू करतानाच ‘-पी ८९८४’ जोडा. त्यानेही काम झाले नाही, तर ‘सर्व्हर\लॉग्ज’ या फोल्डरातली सोलर.लॉग फाइल उघडून तिचा शेवटचा भाग वाचा. अंदाजाने सेटिंग्ज बदलत बसण्यापेक्षा हे कितीतरी बरे. सोलर स्वतःसाठी मुळात ५१२ मेगाबाइट मेमरी घेते. काही हजार टिपणांना ती पुरते, वाढवायची घाई करू नका.

कोअर तयार करणे

सोलरमध्ये एका संग्रहाला कोअर म्हणतात. ‘बिन\सोलर.सीएमडी क्रिएट -सी टिपणे’ अशी आज्ञा द्या (नाव अर्थात रोमनमध्ये). आता ‘सर्व्हर\सोलर’ फोल्डरात त्या नावाचे फोल्डर दिसेल. त्यातल्या ‘कॉन्फ’मध्ये सेटिंग्ज असतात आणि ‘डेटा’मध्ये शब्दसूची.

इथे लगेच दस्तऐवज टाकण्याचा मोह होतो, आणि सोलर तो करूही देते. फील्ड (म्हणजे दस्तऐवजातला माहितीचा एकेक रकाना) सांगितले नसेल तर पहिला दस्तऐवज पाहून ते स्वतःच प्रकार ठरवते. पण हा अंदाज पुढे महागात पडतो. समजा ‘लांबी’ या फील्डमध्ये पहिल्या दस्तऐवजात १२ आले. सोलरने ठरवले, हा पूर्णांक. नंतर कधीतरी १२.५ आले की तो दस्तऐवज नाकारला जाऊ शकतो. म्हणून फील्ड स्वतःच सांगा. व्यवस्थापनाच्या पानावर कोअर निवडून ‘स्कीमा’मध्ये ‘ॲड फील्ड’ दाबा. सध्या दोनच पुरेत: ‘मथळा’ आणि ‘मजकूर’. दोन्हींचा प्रकार ‘टेक्स्ट_जनरल’. ‘स्ट्रिंग’ प्रकार घेऊ नका. त्यात संपूर्ण मजकूर एकच शब्द मानला जातो, त्यामुळे आतला शब्द शोधता येत नाही. फील्डची नावे रोमन अक्षरे, अंक आणि अधोरेखा एवढ्यातच ठेवा. ‘आयडी’ हे फील्ड आधीपासून असते.

पहिले दोन दस्तऐवज

‘डॉक्युमेंट्स’वर जा. प्रकार जेसन (माहिती लिहिण्याची एक ठरावीक पद्धत) ठेवा आणि चौकटीत एक दस्तऐवज लिहा: आयडी १, मजकूर ‘आचार्यास निरोप दिला’. ‘सबमिट’ दाबा. दुसरा लिहा: आयडी २, मजकूर ‘आचाऱ्यास निरोप दिला’. एक गुरू, दुसरा स्वयंपाकी. पुढे या जोडीचा उपयोग आहे. तोच आयडी पुन्हा दिला तर जुना दस्तऐवज जाऊन त्या जागी नवा येतो, हेही लक्षात असू द्या.

आता ‘क्वेरी’ पानावर काही न बदलता ‘एक्झिक्यूट’ दाबा. उत्तरात ‘नमफाउंड’ समोर २ दिसले पाहिजे. मग शोधाच्या चौकटीत नुसते ‘निरोप’ लिहून पाहा. उत्तर शून्य! सगळे नीट केलेले असतानाही इथे माणूस हबकतो. फील्डचे नाव दिले नाही तर सोलर ‘_टेक्स्ट_’ नावाच्या फील्डमध्ये शोधते, आणि ते रिकामे आहे. ‘मजकूर:निरोप’ असे लिहा, किंवा खालच्या ‘डीएफ’ चौकटीत ‘मजकूर’ भरा. दोन्ही दस्तऐवज येतील.

पुष्कळ मजकूर एकदम भरायचा असेल तर सीएसव्ही फाइल करून ती कर्ल या आज्ञेने कोअरच्या ‘अपडेट’ पत्त्यावर पाठवतात. इथे तीन गोष्टी सांभाळा. फाइलसाठी ‘--डेटा-बायनरी’ हा पर्याय वापरा, कारण साधा ‘--डेटा’ ओळींचे शेवट काढून टाकतो आणि सगळी सीएसव्ही एकाच ओळीत गोळा होते. पत्त्याच्या शेवटी ‘कमिट=ट्रू’ जोडा. कमिट म्हणजे बदल पक्का करणे, ते होईपर्यंत पाठवलेले दस्तऐवज शोधात दिसत नाहीत. पॉवरशेलमध्ये असाल तर ‘कर्ल.ईएक्सई’ असे पूर्ण नाव लिहा, कारण तिथल्या जुन्या आवृत्तीत नुसते ‘कर्ल’ म्हणजे वेगळीच आज्ञा असते.

आणि फाइल युटीएफ-८ मध्येच (देवनागरीसह सगळ्या लिप्या साठवणाऱ्या पद्धतीतच) साठवा. स्प्रेडशीटमधून सीएसव्ही काढताना मी एकदा हा पर्याय निवडायचा राहिलो. सोलरने एकही तक्रार न करता सगळी टिपणे घेतली, आणि उघडून पाहिले तर प्रत्येक देवनागरी अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह. आता मी आधी दोनच ओळींची फाइल पाठवतो, ती ‘क्वेरी’त वाचतो, मग बाकीची.

मराठी मजकुरासाठी

सोलरच्या तयार प्रकारांत हिंदीसाठी ‘टेक्स्ट_एचआय’ आहे, मराठीसाठी काही नाही. लिपी तीच म्हणून हिंदीचा प्रकार वापरावा असे कुणालाही वाटेल. तो वापरण्याआधी ‘ॲनालिसिस’ पान उघडा. माझ्या मते सोलरमधली सर्वांत उपयोगी जागा हीच. डाव्या चौकटीत ‘आचार्यास’ आणि उजव्या चौकटीत ‘आचाऱ्यास’ लिहा, प्रकार ‘टेक्स्ट_एचआय’ निवडा आणि तपासा. शब्द एकेका गाळणीतून जाताना कसा बदलतो ते ओळीने दिसते. हिंदीची गाळणी नुक्ता काढते, म्हणून ‘ऱ’चा ‘र’ होतो. हलन्त चिन्ह काढते, दीर्घ इकार-उकार ऱ्हस्व करते. शेवटी गुरू आणि स्वयंपाकी एकच! ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’, ‘दिन’ आणि ‘दीन’ यांचेही तेच होते. हिंदीत ज्या गोष्टींनी शोध सुधारतो त्याच मराठीत अर्थ पुसतात. ‘टेक्स्ट_जनरल’ असे काही करत नाही, म्हणून मी तोच पाया धरतो.

पण त्यातही एक अडचण उरते, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. ‘दुसऱ्या’मधला अर्धा ऱ दोन प्रकारे टाइप होतो. काही कळफलक ‘ऱ’ आणि हलन्त देतात. काही ‘र’, हलन्त आणि त्यापुढे शून्य रुंदीचे जोडचिन्ह देतात. पडद्यावर दोन्ही अगदी सारखेच. सर्व्हरला मात्र ते दोन वेगळे शब्द आहेत, त्यामुळे एका पद्धतीने टाइप केलेली टिपणे दुसऱ्या पद्धतीने शोधणाऱ्याला कधीच सापडत नाहीत.

यासाठी सर्व्हर थांबवा. कोअरच्या ‘कॉन्फ’ फोल्डरात नोटपॅडने ‘मॅपिंग-एमआर.टीएक्सटी’ ही फाइल करा, साठवताना साधे युटीएफ-८ निवडा. फाइलीत एकच ओळ लिहायची:

"र्‍" => "ऱ्"

डावीकडचा जोडचिन्हवाला, उजवीकडचा ‘ऱ’ आणि हलन्त. मग त्याच फोल्डरातली ‘मॅनेज्ड-स्कीमा.एक्सएमएल’ उघडा. (आधी तिची एक प्रत बाजूला ठेवा.) ‘टेक्स्ट_जनरल’ या फील्डटाइपचा सगळा भाग खाली पुन्हा चिकटवा, त्याला ‘टेक्स्ट_एमआर’ नाव द्या. त्यात दोन ॲनालायझर (मजकुरावरच्या प्रक्रियांच्या साखळ्या) दिसतील, एक ‘इंडेक्स’चा म्हणजे सूची करतानाचा, दुसरा ‘क्वेरी’चा म्हणजे शोधतानाचा. दोन्हींत टोकनायझरच्या (मजकुराचे शब्द पाडणाऱ्या भागाच्या) ओळीच्या वर एक ‘कॅरफिल्टर’ ओळ घाला. तिचा क्लास ‘सोलर.मॅपिंगकॅरफिल्टरफॅक्टरी’ आणि ‘मॅपिंग’समोर आपल्या फाइलचे नाव. शेवटी ‘मथळा’ आणि ‘मजकूर’ यांचा प्रकार ‘टेक्स्ट_एमआर’ करा. सर्व्हर सुरू करा आणि सगळे दस्तऐवज पुन्हा पाठवा, कारण स्कीमा बदलल्याने आधी झालेली सूची आपोआप बदलत नाही.

राहता राहिले प्रत्यय. ‘घर’ शोधले तर ‘घरात’, ‘घराला’, ‘घरातून’ सापडत नाहीत, सर्व्हरला ते चार वेगळे शब्द वाटतात. सोपा मार्ग म्हणजे शोधताना ‘मजकूर:घर*’ असे लिहिणे. कायमचे हवे असेल तर फक्त इंडेक्सच्या ॲनालायझरमध्ये ‘एजएनग्रॅम’ गाळणी घालतात. ती शब्दाचे सुरुवातीचे तुकडेही सूचीत घालते. दोन्ही मार्गांत ‘घर’बरोबर ‘घरटे’ही येते. स्वतःच्या टिपणांसाठी मला ते चालते. जास्तीचे चार निकाल नजरेआड करता येतात, न आलेल्या निकालाची खबरही लागत नाही.

थांबवणे आणि सुरक्षितता

सर्व्हर थांबवायला ‘बिन\सोलर.सीएमडी स्टॉप -पी ८९८३’. खिडकी फुलीने बंद करणे किंवा संगणक तसाच बंद करणे टाळा. प्रत ठेवायची असेल तर थांबवल्यानंतर ‘सर्व्हर\सोलर’मधले कोअरचे संपूर्ण फोल्डर दुसरीकडे कॉपी करा. मूळ मजकूर मात्र वेगळा जपून ठेवा. सोलरमधली सूची पुन्हा बनवता येते, मूळ टिपणे नाही.

सोलरला सुरुवातीला पासवर्ड नसतो. ९ व्या मालिकेत ते मुळातच फक्त १२७.०.०.१ या पत्त्यावर, म्हणजे त्याच संगणकापुरते ऐकते. ही सेटिंग बदलून ते इतरांसाठी उघडे करू नका, आणि राउटरवर ८९८३ पोर्ट तर मुळीच उघडू नका. कुठे जुनी आवृत्ती मिळाली तर तीही बसवू नका. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४शेल नावाची गंभीर त्रुटी उघड झाली, तिची झळ सोलरच्या ८.११.० पर्यंतच्या अनेक आवृत्त्यांना बसली होती. नवी आवृत्ती आली की ती शेजारी वेगळ्या फोल्डरात उलगडा, कोअर तयार करून ‘कॉन्फ’मधले आपले बदल तिथे न्या आणि दस्तऐवज पुन्हा भरा. नव्यात सगळे सापडते आहे याची खात्री झाली की जुने फोल्डर काढून टाका. सोलरसाठी वेगळा अनइन्स्टॉलर नसतो.