लहान जातीच्या कुत्र्याला खायला घालताना या चुका टाळा

लहान कुत्र्याच्या जेवणात पदार्थ चुकतो त्याहून जास्त वेळा माप चुकतं. नसबंदी झालेल्या तीन किलोच्या पॉमला (पॉमेरेनियनला) दिवसाला साधारण 250 कॅलरी पुरतात. छोट्या ग्लुकोज बिस्किटात 25 च्या आसपास कॅलरी असतात. सकाळी आजोबांच्या चहाबरोबर दोन, दुपारी मुलांच्या हातून एक, रात्री आणखी दोन, की निम्मा दिवस बिस्किटांतच संपला. मग जेवणाच्या वाटीकडे ते ढुंकूनही बघत नाही आणि घरचे म्हणतात, "हा काही खातच नाही." वरखाऊ दिवसाच्या कॅलरींच्या दहाव्या भागापलीकडे जाऊ नये, असा पशुवैद्यांचा ठोकताळा आहे. म्हणजे या पॉमला दिवसाला एक बिस्किट, तेही सगळ्या घराचं मिळून.

स्पिट्झ आणि पॉमच्या बाबतीत डोळ्यांवर विसंबू नका, केसांखाली चरबी दिसत नाही. बरगड्यांवरून हात फिरवा. अलगद दाबल्यावर त्या लागल्या पाहिजेत. वाढलेल्या वजनाने पॉमची श्वासनलिका आणि गुडघे, डॅशहंडची पाठ आणि पगचा श्वास यांवर ताण येतो.

पिल्लू मात्र याच्या अगदी उलट. तीन महिन्यांच्या आतल्या इवल्याशा पिल्लाला आपल्यासारखं दोन वेळा जेवू घालणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. त्याच्या शरीरात साखरेचा साठा फार थोडा असतो. जेवण लांबलं की ते मलूल होतं, लटपटतं, थरथरतं, कधी झटकेही येतात. त्याला दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं द्या, रात्री निजण्याआधी एकदा नक्की. पिल्लू गळून पडलेलं दिसलं तर हिरड्यांना मध किंवा साखरेचं घट्ट पाणी चोळा, कूलरच्या झोतातून बाजूला घेऊन उबेत ठेवा आणि डॉक्टरकडे निघा. शुद्धीत नसेल तर तोंडात काही ओतू नका, ठसका लागून ते फुप्फुसात जातं. आईचं दूध सुटल्यावर गाईम्हशीचं दूध बऱ्याच पिल्लांना पचत नाही. जुलाब सुरू झाले की आधी ते बंद करून बघा, पण पिल्लू सुस्त असेल किंवा जुलाबात रक्त दिसलं तर वाट बघू नका. लहान जातींची वाढ दहा ते बारा महिन्यांत आटोपते. त्यानंतरही पिल्लांचंच खाणं चालू राहिलं तर अंगावर चरबी चढते. नवं खाणं जुन्यात मिसळत आठवडाभराने बदला. नसबंदीनंतर भूक वाढते आणि गरज सुमारे पाव भागाने घटते, त्यामुळे वाटी तेव्हाच छोटी करा.

दूध-पोळी आणि वरण-भातावर कुत्रं जगतं, पण प्रथिनं आणि कॅल्शियम दोन्ही कमी पडतात. उकडलेलं चिकन-भात म्हणजे पूर्ण आहार, हा गैरसमज तर शिकलेल्या घरांतही आहे. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य असतं. घरचंच द्यायचं असेल तर डॉक्टरकडून त्यात काय, किती घालायचं ते लिहून घ्या. नाहीतर त्याच्या वयाचं पूर्ण आहाराचं डॉगफूड मोजून द्या.

रविवारच्या सावजीचा रस्सा बोटभरही नको. कांदा-लसूण रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, तेलाच्या तर्रीने स्वादुपिंडाला सूज येऊ शकते आणि शिजलेलं हाड तुकडे होऊन आतड्यात रुततं. महालक्ष्म्यांच्या प्रसादातल्या बेदाण्यांवरही नजर ठेवा. द्राक्षं आणि बेदाणे मूत्रपिंडं निकामी करू शकतात, आणि एवढ्याशा जिवाला थोडेही फार होतात. आपल्या नागपुरी संत्र्याची बिया काढलेली एखादी फोड चालते. संत्रा बर्फी नको.

नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, कुत्रं दुपारी जेवत नाही म्हणून घाबरून चिकन, चीज, मलई अशी रांग लावू नका. त्याला तेवढंच शिकायला मिळतं की नाक मुरडलं की पुढचं ताट येतं. पहाटे आणि सूर्य कलल्यावर जेवण ठेवा, वीस मिनिटांनी उचला. ओलं अन्न पारा 45 ला टेकलेला असताना बघता बघता आंबतं. डॉगफूडची पिशवी गच्चीच्या खोलीत ठेवाल तर तेल खवट होईल. वयाने मोठं, धडधाकट कुत्रं एखादी वेळ न जेवता राहू शकतं. पाणी पीत नसेल, उलट्या होत असतील किंवा दिवसभर पोटात काहीच नसेल तर मात्र डॉक्टर गाठा. पिल्लाच्या बाबतीत इतकाही धीर धरू नका.

गाभण कुत्रीला पहिल्या दिवसापासून दुप्पट खाऊ घालणं आणि वर कॅल्शियमचं सिरप पाजणं हा आपल्याकडचा प्रेमळ घोळ. गर्भ 63 दिवसांच्या आसपास राहतो आणि तिची भूक खरी वाढते ती शेवटच्या तीन आठवड्यांत. तेव्हापासून पिल्लं दूध पीत असेपर्यंत तिला पिल्लांचं डॉगफूड द्या. दूध पाजताना दुप्पट-तिप्पट लागू शकतं. गाभण असताना वरून कॅल्शियम दिलं की शरीर हाडांतलं कॅल्शियम सोडण्यात आळसावतं आणि व्यायल्यानंतर दूध उतरलं की रक्तातलं अचानक घसरतं. लहान जातींना हा धोका जास्त. ती धापा टाकू लागली, पाय ताठरले, अंग थरथरलं तर पिल्लं बाजूला करा आणि रात्र असली तरी तिला दवाखान्यात न्या.

लहान कुत्री दहाच्या पुढे म्हातारी धरतात. दातांची दाटी असल्याने किटण लवकर साचतं. कडक दाणे टाळून फक्त पोळी खाणाऱ्या म्हाताऱ्या कुत्र्याचे बऱ्याचदा दात दुखत असतात. दाणे कोमट पाण्यात भिजवा, वासही सुटेल, पण दात दाखवा. वय झालं म्हणून प्रथिनं कमी करू नका, स्नायू झडतात. मूत्रपिंडाचा आजार निघाला तरच डॉक्टर सांगतील तेवढी कमी करायची. हृदयाचा आजार असेल तर शेव, पापड, चिवडा बंद. आणि वजन आपोआप उतरत असेल तर ते म्हातारपणाच्या खात्यावर टाकू नका. घराजवळच्या डॉक्टरकडे किंवा नागपुरात सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात नेऊन रक्त आणि लघवी तपासून घ्या.